मुलगी म्हणते, समुपदेशक व्हायचे!

अंबरनाथच्या एका चाळीतले हे घर. वडील कारखान्यात फिटर. निवृत्तीला चार वर्षे उरलेली. आई पंधरा-सोळा माणसांचे डबे करते. थोरली मुलगी मानसशास्त्र विषय घेऊन बी.ए. झाली. धाकटा मुलगा बारावीत आहे. मुलीचा निकाल लागला त्या दिवशी वडिलांनी चाळभर पेढे वाटले, आणि त्याच रात्री जेवताना मुलगी म्हणाली, "पप्पा, मला पुढे शिकायचंय. समुपदेशक व्हायचंय."

"म्हणजे नेमकं काय करायचं?" वडिलांनी विचारले.

"लोकांच्या मनातलं ऐकून घ्यायचं. त्यातून वाट काढायला मदत करायची."

आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "ते तर तू आत्ताही फुकट करतेस. अख्खी चाळ येते तुझ्यापाशी रडायला. दुसऱ्याचं रडगाणं ऐकून आपली चूल पेटते का?"

आई हसत बोलली, पण तिच्या बोलण्यात दोन खरे प्रश्न होते. ऐकून घेणे हे शिकण्याचे काम आहे का? आणि त्या कामावर पोट भरते का? आज आपल्या पुष्कळ घरांतली मुले-मुली मानसशास्त्राकडे वळत आहेत. आईवडिलांना डॉक्टर समजतो, वकील समजतो, शिक्षक समजतो. समुपदेशक म्हटले की कळत नाही. म्हणून या घराच्या निमित्ताने हा विषय जरा मुळापासून समजून घेऊ.

हे मनात आले कुठून?

दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या गल्लीतला एक मुलगा बारावीत नापास झाला आणि त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. वेळेवर सरकारी दवाखान्यात नेले म्हणून वाचला. भेटायला येणारा प्रत्येक नातेवाईक त्याच्या उशाशी उभा राहून एकच सांगत होता, "अरे, आईबापाचा तरी विचार करायचास!" मुलगा भिंतीकडे तोंड करून पडलेला. तीन दिवस कुणाशी बोलला नाही.

आमची ही मुलगी त्याच्या आईसाठी डबा घेऊन गेली होती. तेव्हा हातात एक रजिस्टर घेतलेल्या बाई वॉर्डात आल्या. त्यांनी स्टूल ओढले, बसल्या आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग एवढेच म्हणाल्या, "बोलावंसं वाटलं तर मी इथे आहे. नाही वाटलं तरी बसते थोडा वेळ." दहा-पंधरा मिनिटांनी त्या मुलाने भिंतीकडची मान वळवली. त्या बाई दवाखान्यातल्या समुपदेशक होत्या. मुलगी घरी आली ती हेच डोक्यात घेऊन.

येथे एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. पूर्वी असा प्रयत्न करणारा माणूस भारतीय दंडविधानाच्या कलम ३०९ खाली गुन्हेगार ठरत असे. पोलीस केसच्या भीतीने लोक दवाखान्यात न्यायला कचरत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने (कलम ११५) ही दृष्टी बदलली. असा माणूस तीव्र ताणाखाली आहे असे धरून चालावे, त्याची काळजी घेणे व पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे हा कायदा म्हणतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते जुने कलम राहिलेलेच नाही. शिक्षेच्या जागी आधार आला, की आधार देणारी शिकलेली माणसे लागतात. या व्यवसायाची गरज वाढण्याचे हेही एक कारण आहे.

चांगला कान पुरेसा नाही

मुलीचा स्वभाव शांत, बोलणे गोड. शेजारणी तिच्यापाशी मन मोकळे करीत. पण मागच्या वर्षी एक गोष्ट घडली. शेजारच्या वहिनींनी नवऱ्याबद्दल काही सांगितले. मुलीला राहवले नाही. काळजीपोटी तिने ते आईला सांगितले. आईने तितक्याच काळजीने आपल्या बहिणीला सांगितले. चार दिवसांत ते फिरून त्या नवऱ्याच्या कानावर गेले आणि वहिनींना मार बसला. त्यानंतर वहिनी या घरात आल्या नाहीत. मुलगी आठ दिवस नीट जेवली नाही.

ही गोष्ट तिने वडिलांना सांगितली ती पुढच्या शिक्षणाचा विषय निघाला तेव्हा. ती म्हणाली, "पप्पा, माझा हेतू वाईट नव्हता. पण मला ते काम येत नव्हतं. म्हणूनच शिकायचंय."

या क्षेत्रात पडण्याचे याहून चांगले कारण नसेल. "लोक माझ्यापाशी मन मोकळे करतात, म्हणून मी समुपदेशक होणार," असे पुष्कळ मुले म्हणतात. तो गुण आहे खरा, पण ती केवळ सुरुवात आहे. सुईत दोरा ओवता आला म्हणून कुणी शिंपी होत नाही.

शिकायचे असते ते असे : ऐकलेली गोष्ट पोटात ठेवणे, आणि जिवाला धोका दिसला तर कुणाला, कधी व किती सांगायचे, हेही जाणणे. सल्ला न देता माणसाला स्वतःचा विचार करू देणे. आपल्या ताकदीबाहेरचा आजार ओळखून डॉक्टरकडे पाठविणे. नात्यातल्या वा रोजच्या उठण्याबसण्यातल्या माणसाचे समुपदेशन आपण न करणे. प्रत्येक भेटीची नोंद ठेवणे. आणि स्वतःचे काम अनुभवी माणसाला नियमित दाखवून चुका दुरुस्त करून घेणे.

कार्ल रॉजर्स हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आधुनिक समुपदेशनाच्या पायाभरणीत मोठे मानले जातात. समोरच्याला अटी न घालता स्वीकारणे, त्याच्या जागी उभे राहून समजून घेणे आणि स्वतः खरेपणाने वागणे, या गोष्टींवर त्यांनी १९५७ साली लिहिलेल्या निबंधात भर दिला. ऐकायला सोपे वाटते. पण दारू पिऊन बायकोला मारणारा माणूस समोर बसला असता हे पाळून दाखवायचे, तर वर्षानुवर्षांचा सराव लागतो.

तीन माणसे, तीन कामे

पालकांचा सर्वात मोठा घोटाळा येथे होतो. मनाच्या आजारावर औषध देतो तो मानसोपचारतज्ज्ञ. तो आधी एम.बी.बी.एस. डॉक्टर असतो आणि मग या विषयात पुढे शिकतो. बी.ए. करून तेथे जाता येत नाही.

दुसरा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. हा औषधे देत नाही. मानसिक चाचण्या घेतो, निदानाला मदत करतो, मनोपचार करतो. त्यासाठी १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेची नोंदणी लागते. नोंदणी नसताना या नावाची पाटी लावणे बेकायदा आहे.

तिसरा समुपदेशक. शाळा, महाविद्यालय, दवाखाना, कुटुंब न्यायालय, कारखाना, संस्था अशा ठिकाणी तो काम करतो. मानसशास्त्राची किंवा समाजकार्याची पदव्युत्तर पदवी हा त्याचा भक्कम पाया. या क्षेत्रातली पुष्कळ कामे आता २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या कक्षेत आली आहेत. आजवर कुणीही पाटी लावावी असे चालत होते, ते दिवस मागे पडत आहेत. म्हणून पक्की पदवी घेतलेली बरी.

शिडी आणि खड्डे

बी.ए.नंतर दोन वर्षांचे एम.ए. मानसशास्त्र ही पहिली पायरी. त्यात समुपदेशन किंवा चिकित्सा हा विशेष विषय निवडता येतो. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला एम.एस.डब्ल्यू. हीही वाट आहे. १९३६ साली सुरू झालेली मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था या शिक्षणातली आद्य संस्था. तेथे प्रवेश कठीण, पण अशक्य नाही.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचे तर एम.ए.नंतर आणखी दोन वर्षे. हे शिक्षण अनेक वर्षे एम.फिल. या नावाने चालत आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद केली, या विषयापुरती २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली. तेव्हा कुणी 'आमच्याकडे एम.फिल. आहे' म्हणाले, तर पुनर्वसन परिषदेच्या यादीत त्या संस्थेचे आणि त्या अभ्यासक्रमाचे नाव आहे का, हे आधी डोळ्यांनी पाहावे.

आता दोन खड्डे. पहिला दूरस्थ शिक्षणाचा. नोकरी करता करता घरबसल्या मानसशास्त्राचे एम.ए. करावे, असे पुष्कळांना वाटते आणि पूर्वी ते करताही येत असे. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी निगडित विषय दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने शिकविण्यास मनाई केली. यापुढे प्रत्यक्ष वर्गात बसूनच शिकावे लागेल, हे धरून घरचा हिशोब मांडावा.

दुसरा खड्डा सहा-सहा महिन्यांच्या पदविकांचा. या मुलीनेही एक जाहिरात आणली होती : सहा महिन्यांत समुपदेशक, शंभर टक्के नोकरी, फी ४५,००० रुपये. वडील कारखान्याच्या पतपेढीतून कर्ज काढायला निघाले होते. बरे झाले की आधी त्या कचेरीत जाऊन त्यांनी चार साधे प्रश्न विचारले. प्रमाणपत्रावर शिक्का विद्यापीठाचा की तुमचाच? शिकताना मुलगी किती माणसांना प्रत्यक्ष भेटणार? त्या वेळी तिच्या पाठीशी कोण अनुभवी माणूस बसणार? आणि हे प्रमाणपत्र मागणारी एक तरी सरकारी जाहिरात दाखवता का? चारही प्रश्नांना गोड हसू मिळाले, उत्तर मिळाले नाही. वडील कर्जाचा अर्ज तसाच खिशात घालून परत आले.

सगळ्याच पदविका वाईट नसतात. एम.ए. झालेल्याला एखादे कौशल्य वाढवायला त्या उपयोगी पडतात. पण पायाऐवजी पदविका घेतली तर घर उभे राहत नाही.

नोकरी कुठे?

वडिलांनी त्यानंतर एक गोष्ट केली, ती प्रत्येक पालकाने करावी. जुन्या डायरीत समुपदेशकाच्या नोकरीच्या जाहिराती कापून चिकटवायला सुरुवात केली आणि प्रत्येकीतली 'शैक्षणिक पात्रता' ही ओळ लाल पेनाने अधोरेखित केली. दोन-तीन महिन्यांत चित्र स्पष्ट झाले.

सरकारी रुग्णालयांत एचआयव्ही तपासणी केंद्रांवर समुपदेशक असतात. किशोरवयीन मुलामुलींसाठी आपल्या राज्यात 'मैत्री' क्लिनिक आहेत. विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत शेतकरी कुटुंबांसाठी प्रेरणा प्रकल्प राबविला गेला. कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी पोलिसांच्या आवारात चालणारा विशेष कक्ष १९८४ साली मुंबईत टाटा संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाला. तेथे समाजकार्य शिकलेल्यांना काम मिळते. टेलि-मानस ही सरकारची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. त्यातच सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात सांगितले, की १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता असावा. या आदेशाची नीट अंमलबजावणी झाली तर मोठे दार उघडेल.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी आहेत. कंत्राट अकरा महिन्यांचे, पगार बेताचा, नूतनीकरणाची टांगती तलवार. स्वतःचा व्यवसाय थाटायचा तर नाव होईपर्यंत काही वर्षे जातात, आणि आपल्या वस्तीत एका भेटीचे हजार रुपये देणारे कितीजण असणार? लवकर पैसा हवा असेल, तर या वाटेला न गेलेले बरे.

फीचा हिशोब

अनुदानित महाविद्यालय किंवा विद्यापीठाचा विभाग आणि विनाअनुदानित खासगी संस्था यांच्या फीमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर असते. आधी अनुदानित ठिकाणी प्रवेश मिळवण्याची पराकाष्ठा करावी. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असल्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते; उत्पन्न त्याहून अधिक असेल तर शिक्षण व परीक्षा शुल्कासाठी फ्रीशिप आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात. बाहेरगावी शिकणाऱ्या आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांत तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये आहे. गुणांची अट असते, आणि राहत्या गावातच शिकणाऱ्याला ती मिळत नाही. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावेत. प्रवेशाच्या घाईत तहसील कचेरीच्या खेपा जिवावर येतात.

आपली माणसे या कामात का हवीत?

एखादा मुलगा मोठ्या शहराच्या महाविद्यालयात जातो आणि आडनाव सांगताना अडखळतो. वर्गातली मुले प्रवेश-परीक्षेचा क्रमांक विचारतात आणि हसतात. २००७ साली डॉ. सुखदेव थोरात यांच्या समितीने दिल्लीच्या एम्समधल्या अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीवर अहवाल दिला, तेव्हा हे दुःख सरकारी कागदावर आले. असा मुलगा समुपदेशकाकडे गेला आणि "तू फार मनाला लावून घेतोस" एवढेच ऐकून परतला, तर तो पुन्हा कुठल्याच दारात जाणार नाही. त्याच्या मनाला काही आजार नसून त्याला मिळणारी वागणूकच वाईट आहे, हे ओळखणारा माणूस तेथे बसलेला हवा.

मात्र आपल्या मुलामुलींनीही सावध राहावे. स्वतः सोसले म्हणून दुसऱ्याचे दुःख आपोआप कळते असे नाही. आपली जखम समोरच्याच्या अंगावर शोधत बसणे, हीही चूकच. म्हणून स्वतःच्या मनाचेही कुणापाशी तरी नीट बोलून घ्यावे लागते. चांगले समुपदेशक स्वतःही समुपदेशन घेतात, आणि त्यात कमीपणा मानत नाहीत.

फी भरण्यापूर्वी

मुलामुलीने स्वतःला विचारावे : कुणाचे गुपित मी महिनाभर पोटात ठेवले आहे का? समोरचा माझा सल्ला न ऐकता गेला तर मला राग येतो का? दिवसभर ऐकल्यावर रात्री मला झोप लागते का? आणि मी या वाटेने दुसऱ्यांसाठी जातो आहे, की स्वतःचेच काही दुखते आहे म्हणून? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' आले तर लाज नाही; पण मग आधी स्वतःसाठी मदत घ्यावी. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते.

पालकांनी विचारावे : घर आणखी दोन वर्षे, कदाचित चार वर्षे, थांबू शकते का? मधल्या एखाद्या पायरीवर थांबावे लागले तर त्या पायरीवर नोकरी आहे का? आणि जमल्यास पैसे भरण्याआधी सहा महिने एखाद्या संस्थेत, अभ्यासिकेत, बालवाडीत मुलीला स्वयंसेवक म्हणून जाऊ द्यावे. आवड किती खरी आहे, ते तेथे कळते.

त्या घरात काय ठरले?

तिघांनी एका रविवारी डबे पोचवून झाल्यावर बसून ठरवले. पदविका नको. अनुदानित महाविद्यालयात नियमित एम.ए. करायचे; प्रवेश मिळाला नाही तर एम.एस.डब्ल्यू.चा अर्ज. संध्याकाळी चाळीतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन लोकलचा पास आणि पुस्तके तिने स्वतः भागवायची. एम.ए. झाल्यावर किमान दोन वर्षे मिळेल ती समुपदेशकाची नोकरी करायची, कारण तोवर वडील निवृत्त होतील आणि भावाची फी उभी राहील. त्यापुढचे शिक्षण त्यानंतर. 'आयुष्यभराचा निर्णय' असे कुणी म्हटले नाही. पहिल्या पायरीचा निर्णय घेतला, आणि पुढची पायरी कधी ठरवायची ते ठरवले.

आईने तिच्याकडून एक कबूल करून घेतले : रोज रात्री वेळेवर जेवायचे. मुलीनेही आईकडून एक कबूल करून घेतले : कोण काय बोलले, ते विचारायचे नाही.

शेजारच्या वहिनी अजून त्या घरात आलेल्या नाहीत. कदाचित येणारही नाहीत. पण परवा एका बाईने आईला डबा घेता घेता हळूच विचारले, "काय हो, ती पलीकडची पोरीपाशी काय सांगत होती?" आईने डब्याचे झाकण घट्ट लावले आणि म्हणाली, "ते मला नका विचारू, ताई. आमच्या घरात आता तसं चालत नाही."